माफी आणि आमच्या इकडचा 'राजीनामा'

उद्या कोर्टात पेशी (तारीख) आहे, झोप येत नाहीये, म्हणून लिहितेय. मोठं होईल, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी सोडून द्या.

मागच्या वर्षी इथे इंदोरला मालवा मिलजवळ एका लोडिंग रिक्षावाल्या पोराने राँग साइडने येऊन पप्पांना उडवलं आणि पळाला. दुकानाच्या कॅमेऱ्यात नंबर सापडला म्हणून पकडला गेला, नाहीतर गेलाच होता. खुब्यात रॉड, आता वॉकर. त्याच्या वकिलाला राजीनामा हवाय. (महाराष्ट्रातल्यांसाठी: आमच्या इकडच्या कोर्टात राजीनामा म्हणजे तडजोड. पुण्याच्या मावसबहिणीने विचारलं, रिटायर माणूस आता कसला राजीनामा देतोय!)

तर चर्चमधले सगळे मला सांगतायत, अगं आपण ख्रिस्ती, माफ कर, सोडून दे. एकीने तर सिस्टर राणी मारियांचं उदाहरण दिलं. बरं झालं दिलं.

सिस्टर राणी मारिया, कॅथलिक नन, आमच्या भागातल्याच म्हणायच्या, मूळ केरळच्या, पण काम उदयनगरला, देवास जिल्ह्यात. आदिवासी, शेतमजूर सावकाराच्या तावडीतून सुटावेत म्हणून झटायच्या, ते काहींना खुपलं. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदोरला यायला बसमध्ये बसल्या आणि वाटेत समंदर सिंहने सगळ्यांसमोर चाकूने मारलं. पन्नासच्या वर वार. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल, तिने जेलमध्ये जाऊन त्याला राखी बांधली. पुढे घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी अर्जावर सह्या केल्या, २००६ ला तो सुटला, केरळला जाऊन आईवडिलांना भेटून आला. २०१७ ला इथे इंदोरातच सिस्टरना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) जाहीर केलं तेव्हा तो पण होता.

पण राखी २००२ ची आहे हो! सात वर्षं! खटला चालला, जन्मठेप झाली, अकरा वर्षं तो आत होता, आणि त्या सात वर्षांत त्या बहिणीच्या मनात काय काय झालं असेल ते कोणी सांगत नाही, डायरेक्ट राखीवर येतात. मला मात्र आठव्या महिन्यात माफ कर म्हणतात, ते पण वकिलाला घाई आहे म्हणून.

आपल्या मराठी प्रभूच्या प्रार्थनेत बघा, जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे. ऋण म्हटलंय. आता उधारी सोडायची तर वहीत आधी किती लिहिलंय ते वाचावं लागतं ना, वहीच फाडून टाकली तर काय सोडलं? आणि वही ज्याची त्याने सोडायची. पाय पप्पांचा मोडलाय, माफी वाटायला मंडळी कोण? चर्चमध्ये कोणी पैसे खाल्ले, कोणी बायकोवर हात उचलला, तरी आपलं हेच, माफ करा, बाहेर बोलू नका. ती दया नाही, झाकाझाकी आहे. मला त्याची चीड आहे.

एवढं सगळं मी बोलते, आणि मग बायबलमधला जक्कय आठवतो. जकातदार, लोकांना लुबाडलेला. येशू आधी त्याच्या घरी उतरला आणि मग तो उभा राहून म्हणाला की चौपट परत देतो. आधी हिशोब दे मग येतो, असं येशू म्हणालाच नाही. इथे माझं गाडं अडतं.

कारण गेल्या रविवारी तो पोरगा आईला घेऊन घरी आला. एकोणीस-वीसचा असेल, चपला बाहेर काढून दारातच उभा. मी आत या पण म्हटलं नाही. पप्पा वॉकर घेऊन उठले, त्यांना उठायला किती वेळ लागतो ते त्याने पूर्ण पाहिलं, मान खाली घालता आली असती, घातली नाही. पप्पा म्हणाले, पोहे झालेत, बसा. मग मला म्हणाले, याच्या प्लेटमध्ये शेव घाल, जीरावन मसाला पण. घातली मी. तो रडत रडत खात होता, आई पदर तोंडाला लावून बसलेली.

ते गेल्यावर पप्पांना विचारलं, मग सही करायची का? म्हणाले, नाही, कोर्टात खरं काय झालं ते सांगणार, आणि शिक्षा कमी करा हे पण सांगणार, रिक्षा सोडवायला त्याने कर्ज काढलंय म्हणे, व्याज किती आहे ते विचार.

मी अजून विचारलं नाहीये. साडेदहाला निघायचंय, वॉकर मावेल अशी गाडी बघायचीय.