तारीख आपली आपल्यालाही टाकता येते
लेखात म्हटलंय की पीएफचे पैसे काढायचे तर कंपनीने पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख टाकेपर्यंत वाट बघण्याशिवाय इलाज नाही. नाही हो भाऊ, हे चूक आहे! जळगाव एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यातून काम सुटल्यावर मीही हेच ऐकून चार महिने भुसावळहून चकरा मारल्या, इकडे किराणा उधारीवर चालू आणि तिकडे एचआरवाला रोज 'उद्या या' म्हणायचा, खूप हाल झाले घरच्यांचे.

२०२० पासून ही तारीख आपली आपण टाकू शकतो. पीएफचा शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिने थांबायचं, मग यूएएन पोर्टलवर (पीएफ खात्याच्या सरकारी वेबसाइटवर) 'मॅनेज' मेनूमध्ये 'मार्क एक्झिट' (नोकरी सोडल्याची नोंद) निवडायचं, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. तारीख मात्र दोनदा तपासूनच टाका.