कचऱ्याची गोष्ट राहिली
शिकागोच्या गरीब वस्तीतल्या हल हाउस या समाजसेवा केंद्रावर एक लेख वाचला. त्यात केंद्राच्या संस्थापिका जेन ॲडम्स यांचं १९३१ चं शांततेचं नोबेल आलं, पण कचऱ्याची गोष्ट राहून गेली. मला तीच सर्वांत मोठी वाटते. हल हाउसच्या भागात, म्हणजे शिकागोच्या एकोणिसाव्या वॉर्डात, रस्त्यावरच्या लाकडी कचरापेट्या ओसंडून वाहायच्या आणि लहान पोरं त्यांच्याच आसपास खेळायची. तक्रारी करकरून काही हलेना, तेव्हा बाईंनी कचरा उचलायचं कंत्राटच मागितलं! ते मिळालं नाही, पण १८९५ मध्ये महापौरांनी त्यांना वॉर्डाच्या कचरा निरीक्षक नेमलं. मग पहाटे सहाला उठून गाड्यांच्या मागे फिरणं सुरू. याला नुसतं दानधर्म कसं म्हणायचं? एका अरुंद गल्लीत दीड फूट घाण उपसल्यावर खाली फरसबंदी रस्ता निघाला. नंतर शहराच्या दप्तरात त्याची नोंदही सापडली.