एमआरआय काहून पायजे ते तरी लिवा
तुमच्या लेखात म्हटलं का हृदयाचा एमआरआय म्हणजे इकोचाच (हृदयाच्या सोनोग्राफीचाच) महागडा भाऊ, हे काई पटलं नाई बाप्पा. इकोत पंपिंग किती, भिंत किती जाड हे दिसते, पण स्नायूत वण कुठं पडला ते गॅडोलिनियमचं (फोटोत वण उठून दिसाव म्हणून देतात ते औषध) इंजेक्शन देऊन काढलेल्या एमआरआयतच नीट दिसते, वण आतल्या थरापासून असन तं बहुतेक नस ब्लॉक झाल्यानं अन् मधात नाईतर बाहेरच्या बाजूनं असन तं स्नायूचाच आजार किंवा सूज, म्हणजे औषधाची दिशाच बदलते ना! आता आमच्या यवतमाळकडच्या खेड्यातून नागपूर गाठाचं म्हणजे दिवसाची मजुरी गेलीच, म्हणून आधी इको हे बराबर. किडनीचा रिपोर्ट मात्र संगं न्या, नाईतर इंजेक्शनसाठी अडवतात कुठं कुठं.