ॲम्बॅसिडरच्या हेडलाइटला फ्यूज : म्हापशाच्या वाचकाला उत्तर

नमस्कार. जुन्या ॲम्बॅसिडरला रिले (थोड्या विजेवर चालून मोठा भार चालू-बंद करणारा स्विच) आणि फ्यूज बसवण्याबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. कंपनीची दोन फ्यूजवाली वायरिंग इतकी वर्षं चालली, तर तिला हात का लावायचा? रिले घातले की गाडीचा अस्सलपणा गेला. आणि दोन्ही हेडलाइटना मिळून २० अँपिअरचा एकच फ्यूज दिला, तो रात्री चोर्ला घाटात उडाला तर?

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. एका फ्यूजवर दोन्ही दिवे टाकायलाच नकोत. नवी जोडणी अशी: स्टार्टरच्या सोलेनॉइडच्या (बॅटरीची जाड केबल जिथे येते त्या स्विचच्या) बॅटरीकडच्या बोल्टवरून ४ चौरस मिमीची वायर, बोल्टपासून वीतभराच्या आत ३० अँपिअरचा मुख्य फ्यूज, तिथून दोन रिलेंच्या ३० नंबर पिनवर. एक रिले अप्परचा (लांबचा झोत), एक डिपरचा (जवळचा झोत). प्रत्येक रिलेच्या ८७ नंबर पिनपासून डाव्या-उजव्या दिव्याला १.५ चौरस मिमीची वेगळी वायर आणि प्रत्येकीला १० अँपिअरचा फ्यूज, म्हणजे एकूण चार. ६०/५५ वॉटच्या बल्बची एक फिलामेंट पाचेक अँपिअर घेते, पण थंड असताना पेटतेवेळी क्षणभर कितीतरी जास्त खेचते. म्हणून ५ चा फ्यूज टिकत नाही. मुख्य वायर नेहमीच्या घरगुती वायरिंगची जाड तारांची नको, बारीक तारांची ऑटो वायरच घ्या. ती इंजिनाच्या हादऱ्यांनी तुटत नाही.

आता ‘चालली’ याबद्दल. त्या दोन फ्यूजमध्ये हेडलाइट येतच नाहीत. ल्यूकस या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीत हेडलाइटची वायर फ्यूजशिवायच जाते. ती कुठे बॉडीला घासली, तर उडायला काही नसतं, वायरच पेटते. शिवाय अप्परचा दहा अँपिअरचा सगळा भार डॅशच्या स्विचमधून पायाच्या डिपर स्विचमध्ये आणि तिथून बुलेट कनेक्टरमध्ये (वायरी जोडणाऱ्या गोळीसारख्या पिनांत) जातो. तो डिपर स्विच फरशीवर, ओल्या मॅटखाली. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याचं काय होतं ते वेगळं सांगायला नको! बुलेट उपटून पाहा: वर हिरवी पूड, आत तांबं काळं. काळ्या तांब्यावर क्रिंप (दाबून बसवलेलं टोक) धरत नाही, लखलखीत तार लागेपर्यंत मागे कापावी लागते.

मोजायचं असेल तर अप्पर लावा, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं बल्बच्या प्लस पिनवर. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर तेवढा दाब वाटेत मरतोय. मग बल्बच्या अर्थ (बॉडीला जोडलेल्या) पिनपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत तेच करा. खाऱ्या हवेत बहुतेकदा अर्थच जास्त खराब असतो. व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड साधारण ३० टक्के पडतो.

अस्सलपणाचं म्हणाल तर या कामात काळं पडलेलं टोक सोडलं तर जुनी एकही वायर कापत नाही. निळी-पांढरी (अप्पर) आणि निळी-लाल (डिपर) वायर बुलेटमधून काढून आपापल्या रिलेच्या ८६ वर न्यायच्या, ८५ अर्थला. जुन्या स्विचवर मग पाव अँपिअरहूनही कमी भार उरतो, म्हणजे मूळ स्विच जास्त वर्षं टिकतो. गाडी प्रदर्शनात न्यायची असेल तेव्हा बुलेट परत मूळ जागी लावले की झालं. रिले पिना खाली करून बसवा, नाहीतर पाणी आत साचतं. रिलेत डायोड असेल तर ८५-८६ उलटे लावू नका.

अँपिअर मीटर असलेल्या गाडीत वीज थेट सोलेनॉइडवरून घेतली, तर दिवे लावल्यावर मीटर खोटं चार्जिंग दाखवतं. ते खटकत असेल तर मीटरच्या डायनॅमोकडच्या टर्मिनलवरून घ्या.

तुम्ही विचारलं नाहीत, पण त्या दोन मूळ फ्यूजबद्दल एक. ल्यूकसच्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं तो उडण्याचा आकडा. सतत तो १७ च्या आसपासच झेलतो. बाजारात मिळणारा ३५ चा अमेरिकन पद्धतीचा काचेचा फ्यूज सतत ३५ झेलतो. तो घातलात तर जुनी वायर आधी जळेल. तिथे १५ चा ठेवा.