तुरुंगात जाताय? पक्के होऊनच जा

तुरुंगात जायचा योग आलाच, तर एक पथ्य पाळा: कच्चे राहू नका.

खटला चालू असलेला तो कच्चा कैदी, शिक्षा लागलेला तो पक्का. शिक्षा करावी की सुधारावं, सात वर्षं पुरेत की चौदा, हा आपला जेवणानंतरचा आवडता वाद सगळा पक्क्यांचा आहे. पक्क्याला काम मिळतं, कुशल-अकुशल पाहून मजुरी मिळते, नीट वागला तर माफीचे दिवस, नियमात बसला तर फर्लोवर, म्हणजे तुरुंगातून मिळालेल्या सुट्टीवर, घर. नशीब फळफळलं तर आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर! औंध संस्थानानं १९३९ साली वसवलेली कैद्यांची वसाहत. भिंत नाही, बायकोमुलांसकट राहा, शेती करा.

कच्च्याला यातलं काही नाही. सुधारायला आधी बिघडल्याचा दाखला लागतो, आणि कायदा तर त्याला निर्दोष मानून बसलेला. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत दर चौघांत तिघे असेच निर्दोष होते.

वकील म्हणेल, जामीन करू. भुलू नका. जामीन मिळणं वेगळं, जामीनदार मिळणं वेगळं. पंधरा हजारांचा जामीन मंजूर होतो आणि मामा गावाहून सातबारा घेऊन येईपर्यंत पेरणी उरकते. तारखेला न्यायला पोलीस पार्टी नसते. मग व्हीसी, म्हणजे तुरुंगातूनच व्हिडिओवर हजेरी. पडद्यावर साहेबांचा चेहरा अडकतो, कुणीतरी ‘आवाज येतोय का?’ विचारतं, पुढची तारीख पडते.

जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात सोय आहे म्हणा. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेचा तिसरा हिस्सा आत काढला की सुटका. पण एकाहून जास्त खटले असले की ही सोय गेली. तेव्हा मोबाईल चोरायचाच तर एकच चोरा.

आणि चोरलाच नसेल? मग तुमचं कठीण आहे. शेजारच्या पथारीवाला गुन्हा कबूल करतो, कोर्ट म्हणतं भोगली तेवढी पुरे, संध्याकाळी तो घरी. तुम्ही मात्र ‘मी केलंच नाही’ म्हणत बसा. ऑर्थर रोडची क्षमता जेमतेम हजाराची, आत माणसं तीन हजारांवर. कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवून. खटला उभा राहीलच, पंचनाम्यावर सही केलेला पंच सापडला की. त्यानं भाड्याची खोली बदललीय म्हणे.