पेरभर पाणी

ओट्याखाली पाणी सांडलं होतं. ते पुसायला फडकं आणावं म्हणून बायको वळली आणि त्याच पाण्यावरून घसरली. उजवं मनगट. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरून "प्लास्टर, सहा आठवडे" असं तिला सांगितलं, पण शिक्षा नेमकी कुणाला झाली हे त्या खोलीतल्या तिघांनाही कळलं.

मी घाबरलो नव्हतो. बँकेत ३४ वर्षं काढलेला माणूस. एका रुपयाचा फरक लागत नाही म्हणून रात्री साडेनऊपर्यंत खातेवह्या उलटसुलट केलेल्या आहेत. स्वयंपाक म्हणजे तरी काय, सूचना नीट ऐकायच्या आणि तंतोतंत पाळायच्या! बायको टेबलाशी खुर्चीत, हात गळ्यात अडकवलेला. मी ओट्याशी. शेजारी विमा एजंटाने दिलेली जुनी डायरी आणि पेन.

"आधी कुकर लावा. तांदूळ धुवा आणि पेरभर पाणी घाला."

"पेरभर म्हणजे?"

"तांदळावर बोट टेकवायचं. पहिल्या पेरापर्यंत पाणी आलं की पुरे."

मी बोट टेकवलं. पहिल्या पेरापर्यंत पाणी घातलं. अर्ध्या तासाने जे तयार झालं ते पळीने वाढावं लागलं. बायकोने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "आजारी माणसाला हे बरंच असतं."

दुसऱ्या दिवशी तेच बोट, तेच पाणी, तीच पेज. तिसऱ्या दिवशी मी पट्टी घेऊन बसलो. बायकोचं पेर भरलं दोन सेंटिमीटर, माझं दोन पूर्णांक सात. आमचं भाताचं भांडं सोळा सेंटिमीटर व्यासाचं. त्यात सात मिलिमीटर पाणी जास्त म्हणजे हिशेबाने १४० मिलिलिटर. घरातली आमटीची वाटी भरून पाणी! फरक सापडला. इतका आनंद मला मार्चएंडच्या ताळेबंदातही झाला नव्हता. बायकोला उत्साहाने सांगायला गेलो तर म्हणाली, "मग पाणी कमी घाला की. कळत नाही का?"

या "कळत नाही का"ने पुढे माझा जीव खाल्ला.

वरणाचं प्रकरण वेगळं. "तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा" हे वाक्य मला फार आवडलं. त्यात आकडा होता. मी कान देऊन तीन शिट्ट्या मोजल्या, गॅस बंद केला, कुकर निवल्यावर झाकण काढलं, तर तूरडाळ गारगोट्यांसारखी. असं दोनदा झाल्यावर उलगडा झाला. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी इमारतीच्या डक्टमध्ये उघडते आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनी त्याच सुमाराला कुकर लावतात. तीनपैकी दोन शिट्ट्या त्यांच्या होत्या. माझ्या डायरीतली पहिली ठळक नोंद ती: शिट्ट्या आपल्याच कुकरच्या मोजाव्यात.

मग मी शिट्टीच्याच मागे लागलो. शिट्टी म्हणजे घड्याळ नव्हे. आत वाफ कोंडली की दाब वाढतो, पाणी शंभर अंशांऐवजी १२० च्या आसपास उकळतं आणि डाळ लवकर शिजते. दाब नको इतका झाला की शिट्टी वर उचलली जाते, वाफ सुटते, बस. गॅस मोठा ठेवा, तीन शिट्ट्या चटाचट होतील आणि डाळ तशीच राहील. बारीक ठेवा, तिसरी शिट्टी येईपर्यंत डाळीचं पीठ होईल. म्हणजे ३८ वर्षं आमच्या घरात ज्याला माप म्हणत होते, ते मापच नव्हतं! मी लिहिलं: पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक, घड्याळ लावून दहा मिनिटं. बायको म्हणाली, "तेच तर मी करते." मग तीन शिट्ट्या कशाला सांगितल्या होत्या? "बोलायची पद्धत असते."

पोह्यांचं थोडक्यात सांगतो. पातळ पोहे वेगळे आणि जाड पोहे वेगळे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी चिवड्याचे पोहे भिजवले. त्याचं जे झालं ते आम्ही थालीपीठ म्हणून खाल्लं.

बाकी सगळा संसार "कळतं" या एका क्रियापदावर उभा. फोडणी कधी झाली? कळतं. बेसनाचा कच्चा वास गेला हे कसं ओळखायचं? वासावरून कळतं. मीठ किती? चवीपुरतं. अहो, पण चव तर मीठ घातल्यावर लागणार! बँकेत एखाद्या अर्जदाराने रकमेच्या रकान्यात "गरजेपुरती" असं लिहिलं असतं तर?

घरात पाककृतींचं पुस्तक नव्हतं असं नाही. कमलाबाई ओगल्यांचं "रुचिरा" १९७० साली निघालं; आमची प्रत लग्नातल्या आहेरातली, हळदीच्या बोटांनी पिवळी झालेली. कमलाबाईंनी वाटी-चमच्यात मापं देऊन किती नव्या सुनांची लाज राखली, हे मला आता कळतंय. त्याच्याही आधी, १८७५ मध्ये, रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं "सूपशास्त्र" छापलं गेलं. म्हणजे मराठी माणूस दीडशे वर्षं पुस्तकात बघून रांधतोय. दोष पुस्तकांचा नाही. ती अक्षरओळख असलेल्यांसाठी लिहिली आहेत आणि मी अजून पाटीवर रेघोट्या मारत होतो. आणि घरात वाट्या तरी किती! आमटीची, खिरीची, नैवेद्याची. मी पाण्याने मोजल्या, तीन वाट्यांची तीन मापं निघाली.

पाचव्या आठवड्यात ही डायरी सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यावर पोचली. किराण्याची यादी तिच्यात होती म्हणून खिशात घातली होती, एवढंच. कट्ट्यावर एक निवृत्त प्राध्यापक येतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बायको गेल्या, तेव्हापासून दोन्ही वेळचा डबा. त्यांनी डायरी हातात घेतली, चाळली आणि अचानक फार लक्ष देऊन वाचायला लागले. मला वाटलं, शुद्धलेखनाच्या चुका काढताहेत.

"तुम्ही इथे लिहिलंय, मोहरी तडतडली की हळद. तडतडायला लागली की, तडतडून थांबली की?"

मला उत्तर येत नव्हतं. आणखी दोघं वाकून बघायला लागले. एकाला बेसन थंड पाण्यात कालवायचं की गरम, याचा खुलासा हवा होता. (थंड. गरम पाण्यात गुठळ्या होतात. हे मी स्वतः भोगून लिहिलेलं होतं.) सत्तरीच्या आतबाहेरचे पाच पुरुष पिठल्याच्या गुठळ्यांवर गंभीरपणे चर्चा करताहेत, हे बघून शेजारच्या हास्यक्लबाचं हसणं थांबलं. प्राध्यापक निघताना हळूच म्हणाले, "याची झेरॉक्स मिळेल? आणि भांडं कुठलं घ्यायचं, तेही लिहा. आमच्याकडे भांडी खूप आहेत."

पुस्तकाचं डोक्यात आलं ते तिथे. पाच पदार्थ: भात, वरण, पिठलं, पोहे, बटाट्याची भाजी. पोळ्या नाहीत, पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रात मिळतात आणि आपली पायरी आपण ओळखून असावं. प्रत्येक पदार्थाला एक पान, आणि मूर्खातल्या मूर्ख माणसाला पडेल तो प्रश्न समासात.

बायको आधी हसली. मग रात्री उठून पाणी प्यायला गेलो तर दिवा लावून डायरी घेऊन बसलेली. डाव्या हाताने, बालवाडीतल्या अक्षरात, दुरुस्त्या चालल्या होत्या. "मोहरी तडतडून शांत झाली की. आधी टाकली तर हळद जळते." "चिंच, कोकम डाळ शिजल्यावर. आधी घातलं तर डाळ शिजत नाही." हळदीच्या पाव चमच्यापुढे तर तिनेच प्रश्नचिन्ह काढलं होतं: "चमचा कुठला? मिसळणाच्या डब्यातला की पोहे खायचा?"

मी म्हटलं, "कळतं की."

तिने प्लास्टरचा हात उगारला.

भाताच्या पानावर मी पेर खोडून "तांदळाच्या वर दोन सेंटिमीटर पाणी" असं केलं, भांड्याचा व्यास दिला आणि झेरॉक्स प्राध्यापकांकडे पोचवली. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला त्यांचा फोन आला. तोंडात घास असावा.

"भात मोकळा झालाय. फक्त एक राहिलंय, तेवढं समासात घाला."

"काय?"

"पट्टी आधी धुवून घ्यावी."