वेंगुर्ल्याच्या कट्ट्यावर सॅन फ्रान्सिस्को

माझी भाची ऑगस्टमध्ये शिकायला कॅलिफोर्नियाला निघाली आहे. तिचं तिकीट मोबाइलवर आलं आणि संध्याकाळी बंदराकडच्या कट्ट्यावर या हातातून त्या हातात फिरलं. दिल्लीहून पहाटे ४ ला सुटणार, त्याच दिवशी सकाळी ७ ला सॅन फ्रान्सिस्को. बाबी ओरडलाच, "तीन तासांत अमेरिका? माका कुडाळसून मुंबयक जावक रात जाता!"

मास्तर म्हणाले, "अरे, दोन्ही वेळा आपापल्या घड्याळाच्या. ऑगस्टात तिथलं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे. तीन आणि साडेबारा, साडेपंधरा तास झाले."

मग वाद अंतरावर गेला. दाजीने मोबाइलवरच्या नकाशावर बोट ओढलं: दिल्ली, युरोप, अटलांटिक, अमेरिका. "ही सरळ रेघ."

मास्तर समोरच्या गाड्यावरून एक कलिंगड घेऊन आले. खडूने दोन खुणा केल्या, एक दिल्ली, एक सॅन फ्रान्सिस्को, आणि सुतळी ताणून धरली. सुतळी पश्चिमेला गेलीच नाही. ती देठाकडे चढली आणि पलीकडे उतरली. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. सपाट नकाशावर जी रेघ सरळ वाटते ती गोल पृथ्वीवर लांबची पडते. ध्रुवाजवळून जाणारं ते सर्वांत कमी अंतर साधारण १२,४०० किलोमीटर. दाजीने सुतळी दोनदा स्वतः लावून पाहिली, मगच गप्प बसला.

पण खरी गंमत पुढे होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पूर्वेकडे पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अटलांटिकच्या वाटेपेक्षा ही वाट सुमारे १,४०० किलोमीटरने वाढली, जवळपास १५,३०० झाली, आणि तरी प्रवास साडेचौदा तासांत संपला. आधीपेक्षा सुमारे दोन तास कमी!

"लांबचो रस्तो आणि लवकर पोचतलो? कायतरी सांगू नुको," बाबी म्हणाला. मग त्याला एकदम सुचलं, "पृथ्वी फिरता म्हणान! इमान वर थांबला तर अमेरिका आपसूक खाली येतली."

तसं नाही. हवा, विमान, आपण, सगळेच पृथ्वीबरोबर फिरतो, नाहीतर वर उडी मारलेला माणूस समुद्रात पडला असता. खरं कारण एवढा वेळ मागे बसून विडी ओढणाऱ्या तांडेलांनी सांगितलं. "पहाटे मतलई धरून भायर गेलव तर डिझेल वाचता. वारो तोंडार इलो काय तीच वाट, पण तास वाढतत."

अगदी तेच. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार पट्टा वाहतो. विमानाचा स्वतःचा वेग ताशी ९०० च्या आसपास. पाठीमागून वारा मिळाला की तो जमिनीच्या हिशेबाने हजारावर जातो. १५,३०० ला साडेचौदाने भागून पाहा. त्याच विमानाला अटलांटिकवरून पश्चिमेकडे जाताना हाच वारा तोंडावर यायचा. विमान कंपन्या म्हणून रोज वारा बघून वाट आखतात, आणि मला वाटतं, प्रवाशानेही किलोमीटर विचारू नयेत, तास विचारावेत.

तांडेलांनी लगेच पुढचं विचारलं, "पावसात पण वारो तसोच आसता?" नाही, आपल्या थंडीत तो पट्टा जोरात असतो, ऑगस्टात मंदावतो. म्हणून मी रात्री ताईला फोन करून एवढंच सांगितलं: साडेपंधराचे सोळा झाले तर घाबरू नकोस.